बस आणि फेरीबोटीने दिवाडी बेट: एका दिवसाच्या प्रवासाचे परीक्षण

पणजीत आम्ही ज्या लॉजमध्ये उतरलो होतो, तेथील व्यवस्थापकांनी आदल्या रात्रीच सांगून टाकले होते की, दिवाडी बेट पाहायचे असेल तर दिवसभरासाठी गाडी करावीच लागेल, बसने जाल तर सगळा दिवस वाट पाहण्यात जाईल, आणि सोबत वयस्कर आई असताना तर तसा विचारही करू नये. त्यांच्या ओळखीची गाडी तयारच होती. आईने ते सारे शांतपणे ऐकून घेतले आणि खोलीत आल्यावर मला विचारले, "अरे, पण तिथली माणसं रोज कशी ये-जा करतात?" या एका प्रश्नापुढे गाडीचा विषय मागे पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात वाजता आम्ही पणजीच्या कदंब बसस्थानकावर उभे होतो आणि संध्याकाळी सहापर्यंत दोन फेरीबोटी, चार बसगाड्या आणि भरपूर पायपीट करून परत आलो होतो. त्या दिवसात मिळालेल्या सोयींचे, गैरसोयींचे आणि पाहिलेल्या ठिकाणांचे हे परीक्षण आहे. माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि तिचा उजवा गुडघा दुखतो. ज्यांना घरातल्या मोठ्या माणसांना घेऊन असा प्रवास करावासा वाटतो, त्यांनी माझी मते हे लक्षात ठेवून वाचावीत.

दिवाडी हे तिसवाडी तालुक्यातले, मांडवी नदीच्या खाडीतले बेट आहे. समुद्र तेथून फार दूर नसल्याने नदीचे पाणी भरती-ओहोटीबरोबर चढते-उतरते आणि बेटाच्या कडेने खारफुटीची दाट किनार आहे. बेटावर जाण्यासाठी मोटारीचा पूल नाही. दक्षिणेकडून जुने गोवे आणि रायबंदर येथून, तर उत्तरेकडून डिचोली तालुक्यातील नार्वे येथून फेरीबोटी सुटतात. बहुतेक पर्यटक जुन्या गोव्याच्या फेरीने जातात, टेकडीवरचे चर्च पाहतात आणि त्याच फेरीने परत येतात. माझा आग्रहाचा सल्ला आहे की, तसे न करता दक्षिणेकडून बेटात शिरावे, बेट आरपार ओलांडावे आणि उत्तरेच्या फेरीने नार्व्याला बाहेर पडावे. त्याचे कारण नुसते वेगळा रस्ता पाहायला मिळतो एवढेच नाही. ज्या देवासाठी आई इतक्या लांब आली होती, तो सप्तकोटीश्वर कोणे एके काळी याच बेटावरून, याच पाण्यातून पलीकडे गेला होता.

सप्तकोटीश्वर हे आईच्या माहेरचे कुलदैवत आहे, पण तिचे आजोबा मुंबईला गिरणीत आले आणि तेव्हापासून घरात देवाचे नाव राहिले, दर्शन मात्र राहून गेले. गोव्याच्या कदंब राजांचा हा देव होता आणि 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद' असे बिरुद ते अभिमानाने लावीत. मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहमनी फौजांनी ते पाडले, त्याच शतकाच्या अखेरीस विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभे केले आणि १५४० मध्ये पोर्तुगीजांनी ते पुन्हा उद्ध्वस्त केले. देवाचे लिंग विहिरीवर पाणी शेंदण्याच्या कामाला लावले गेल्याचे सांगतात. ते भक्तांनी तेथून काढून नदीपलीकडे नेले. पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. हा इतिहास मी आईला आगगाडीतच वाचून दाखवला होता, त्यामुळे फेरीबोट ही तिच्या लेखी नुसते वाहन राहिलेले नव्हते.

मुंबई-ठाण्याकडून येणाऱ्यांनी कोकणकन्या एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी करमळी स्थानकावर उतरावे, हे सर्वांत सोयीचे आहे. करमळी हे जुन्या गोव्याला अगदी जवळचे स्थानक आहे. गाडी करमळीला पोहोचण्याच्या थोडे आधी दिवाडी बेटावरूनच जाते. डाव्या-उजव्या बाजूला पाण्याने चकाकणारी शेते, बांध आणि नंतर मांडवीवरचा लांब पूल असा तो देखावा आहे. बेटावर मात्र स्थानक नाही. ज्यांच्याजवळ सामान थोडे आहे त्यांनी करमळीहून थेट फेरीच्या धक्क्यावर जायलाही हरकत नाही. आम्ही सामान ठेवण्यासाठी आधी पणजीला गेलो आणि एक रात्र तेथे राहिलो.

पणजी ते जुने गोवे हे अंतर सुमारे दहा किलोमीटर आहे आणि या मार्गावर बसगाड्यांची टंचाई अजिबात नाही, कारण फोंड्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्याही जुन्या गोव्यावरूनच जातात. बसमध्ये शक्यतो डावीकडची खिडकी पकडावी. पणजी सोडताच रायबंदरला जोडणारा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा, सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला दगडी सेतूरस्ता लागतो. एका बाजूला मांडवी आणि दुसऱ्या बाजूला मिठागरे व खारफुटी असा तो भाग सकाळच्या उन्हात डोळे भरून पाहावा असा आहे. आईने या रस्त्यावर एक शब्दही काढला नाही, आणि ती गप्प असली की तिला आवडले आहे असे आम्ही घरात समजतो.

येथेच आमची पहिली फसगत झाली. आम्ही एका खासगी बसमध्ये चढलो होतो आणि वाहकाला "दिवाडीची फेरी" एवढेच सांगितले होते. त्याने आम्हाला रायबंदरच्या धक्क्यापाशी उतरवले आणि समोर लागलेली बोट दिवाडीचीच आहे असे ठामपणे सांगून बस पुढे काढली. ती बोट चोडण बेटाची होती. रायबंदरहून चोडण आणि दिवाडी अशा दोन्ही बेटांसाठी फेऱ्या सुटतात, हे मला माहीत असूनही घाईत माझ्या लक्षात राहिले नाही. पाठीवर दप्तर घेतलेल्या एका मुलाने आम्हाला विचारले आणि वेळीच थांबवले, नाही तर आम्ही पक्षी अभयारण्याच्या बेटावर पोहोचलो असतो. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य पाहण्यासारखे आहे, पण आमचा बेत तो नव्हता. रायबंदरहूनही दिवाडीला जाता आले असते, तथापि आईला जुने गोवे पाहायचे होते, म्हणून आम्ही दुसऱ्या बसची वाट पाहिली. वीस मिनिटे गेली. तेव्हा वाहकाला जागेचे नाव "जुने गोवे, गांधी सर्कल" असे पूर्ण सांगावे आणि कोणत्याही बोटीत पाय ठेवण्यापूर्वी ती कोठे जाते हे बोटीवरच्या माणसाला विचारावे.

जुन्या गोव्यात आम्ही रस्त्याकडेच्या एका लहान हॉटेलात पातळ भाजी आणि पाव खाल्ले. ओल्या खोबऱ्याच्या वाटणातले वाटाणे, वर कच्चा कांदा, आणि पाव इतका ताजा की बोटाने दाबला की पुन्हा वर येत होता. हे मुद्दाम नोंदवतो, कारण बेटावर खाण्याच्या जागा थोड्या आहेत आणि त्या आपल्याला हव्या त्या वेळी उघड्या असतीलच असे नाही. पोटभर न्याहारी आणि दोन बाटल्या पाणी येथूनच घेऊन निघणे शहाणपणाचे आहे.

सर्कलपासून फेरीच्या धक्क्याकडे जाणारा रस्ता मोठ्या चर्चच्या आवारांजवळून उतरतो आणि व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिश्कु द गामा हा गोव्याचा व्हाइसरॉय असताना सोळाव्या शतकाच्या शेवटी ही कमान उभारली गेली आणि १९५४ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. लिस्बनहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय याच कमानीतून शहरात पाऊल टाकीत असे. आज तिच्याखालून मासळीच्या टोपल्या, शाळकरी मुले, गॅसचे सिलिंडर आणि सुट्टीवर आलेले लोक जातात, आणि कमानीच्या पलीकडे पन्नास-साठ पावलांवर पाणी लागते.

आता फेरीबोटीविषयी सविस्तर लिहितो, कारण या प्रवासाचा कणा तीच आहे. ही बोट म्हणजे सपाट तळाचा, रुंद लोखंडी तराफा समजावा. मधला भाग वाहनांसाठी मोकळा असतो, दोन्ही कडांना छपराखाली बाके असतात आणि चालकाची खोली उंचावर असते. बोट धक्क्याला टेकली की पुढची लोखंडी फळी साखळ्यांवर खडखडत खाली येते, आधी दुचाकी बाहेर पडतात, मग मोटारी, आणि त्या सर्वांच्या कडेकडेने पायी माणसे. चढताना हाच क्रम उलटा होतो. पायी प्रवाशाला भाडे पडत नाही. खिशात हात घालून मी उभा होतो, तेव्हा बोटीवरच्या कर्मचाऱ्याने हसून मान हलवली आणि मला पुढे जायला सांगितले. बेटावर राहणाऱ्या माणसाला दवाखान्यात, शाळेत किंवा बाजारात जायला दुसरा मार्ग नसेल, तर त्या मार्गाचे पैसे घेऊ नयेत, हा विचार मला अतिशय योग्य वाटतो, आणि पाहुण्यालाही तोच न्याय मिळतो याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

अडचण एकच आहे आणि ती पाण्याची आहे. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार अधिक खोलवर उघडा पडतो आणि त्या खालच्या टप्प्यावर शेवाळ असते. आम्ही गेलो तेव्हा नेमकी ओहोटी होती. आईने चप्पल हातात घेण्याचा विचार केला, पण खाली शिंपल्यांचे तुकडे दिसल्यावर तो सोडून दिला. मी एक हात धरला होता, तोवर शेजारून चाललेल्या एका मध्यमवयीन बाईने काहीही न विचारता दुसरा हात धरला, फळीवरून आत आणले आणि बाकावर आधीच बसलेल्या दोन तरुणांना सरकायला लावून म्हणाली, "बाय, हांगा बस." कोकणीतले ते "बाय" आईला इतके आवडले की पुढचे दोन दिवस ती स्वतःशीच तो शब्द घोळवत होती. ज्येष्ठांनी या प्रवासात मागे पट्टा असलेली, रबरी तळव्याची पादत्राणे घालावीत आणि गुळगुळीत चपला घरी ठेवाव्यात. बोट टेकली की उठायची घाईही करू नये, दुचाक्या पूर्ण बाहेर पडू द्याव्यात.

नदी ओलांडायला दहा मिनिटेसुद्धा लागत नाहीत. इंजिनाचा आवाज मोठा आहे आणि डिझेलचा वासही येतो, पण मधल्या पात्रात आल्यावर मागे वळून पाहिले की माडांच्या वर जुन्या गोव्याची शिखरे आणि घुमट एका ओळीत दिसतात, आणि या शहराने नदीकडे तोंड का केले असेल हे तेव्हा कोणी न सांगता समजते. त्या बोटीवर आमच्याखेरीज पर्यटक असे कोणीच नव्हते. एक जण बँकेचे पासबुक चाळत होता, दोन बायका कोणाच्या तरी साखरपुड्याबद्दल बोलत होत्या, एका दुचाकीच्या मागे बर्फाच्या पेटीत मासळी होती.

पलीकडे उतरल्यावर पिएदाद गावापर्यंतचा रस्ता सरळ शेतांमधून जातो आणि दोन्ही बाजूंना खाजन जमिनी आहेत. खाजन म्हणजे खाडीचे खारे पाणी बांध घालून बाहेर ठेवून पिकाखाली आणलेली जमीन. ही पद्धत गोव्यात फार जुनी आहे आणि दिवाडीसारख्या बेटावर ती समजून घेतल्याशिवाय डोळ्यांसमोरची हिरवळ अर्धीच दिसते. आम्ही नवरात्र संपल्यानंतरच्या आठवड्यात गेलो होतो, त्यामुळे भात पोटरीतून बाहेर येऊन पिवळसर होऊ लागले होते. खाऱ्या मातीत तग धरणारा कोरगुट नावाचा भात अशा जमिनीत पूर्वापार होत आला आहे.

रस्त्याच्या कडेला एका मानसीपाशी आम्ही बराच वेळ थांबलो. मानस म्हणजे बांधात बसवलेले लाकडी दारांचे बांधकाम. तेथे जाळे झटकत असलेल्या एका गृहस्थांना मी दारे कोण उघडतो असे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "कोण कित्याक? भरती आयली की दार आपसूक बंद, सुकती लागली की आपसूक उघडे." त्यांनी हाताच्या तळव्यांनी दाखवले ते असे: दारांची झडप अशी बसवलेली असते की बाहेरचे भरतीचे पाणी दाबत आले की ती घट्ट मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरची पातळी उतरली की शेतात साचलेले पावसाचे पाणी आतून लोटते, झडप उघडते आणि पाण्याबरोबर मासे व कोळंबी बाहेर येताना तोंडाशी लावलेल्या जाळ्यात सापडतात. विजेची मोटर नाही, चक्र नाही, माणूस नाही. आम्ही उभे असतानाच पाणी बाहेर पडत होते. लाकडाला खाली काळसर, गुळगुळीत शेवाळ धरलेले होते, वरची कड उन्हाने पांढरी पडलेली होती, आणि फटीतून येणाऱ्या धारेत बोटाएवढी कोळंबी उलटसुलट होत जाळ्याकडे जात होती. बांधावर तीन बगळे आणि एक खंड्या तिचीच वाट पाहत बसले होते. मोटारीतून गेलो असतो तर हे ठिकाण अर्ध्या मिनिटात मागे गेले असते. या एका दृश्यासाठीही मी पायी जाण्याची शिफारस करीन.

धक्क्यापासून पिएदादपर्यंतचे अंतर धडधाकट माणूस अर्ध्या तासात सहज चालेल. आम्हाला थांबत थांबत पाऊण तासाहून अधिक लागला. या रस्त्यावर सावली नाही, तेव्हा छत्री किंवा टोपी हवीच. ऊन तापण्याआधी, म्हणजे सकाळी नऊच्या आत हा टप्पा पार करावा. बेटावरची बस त्या वेळेत आम्हाला मिळाली नाही.

पिएदादचे चर्च टेकडीवर आहे. चढ मोठा नाही, पण आईने तो तीन ठिकाणी बसून चढला. आतली सजावट हलक्या रंगांची, नाजूक नक्षीची आणि प्रसन्न आहे. बाहेरच्या ओट्यावरून मांडवी, खाजनांचे चौकोन आणि नदीपलीकडचे जुने गोवे असे सगळे एका नजरेत येते. दिवाडीचे चित्र मनात ठेवायचे असेल तर ते येथूनच घ्यावे. या जागी पूर्वी देऊळ होते, आणि शेजारच्या दफनभूमीत एका लहान चॅपेलच्या रूपाने कदंबकालीन देवळाचा अंश आजही उभा आहे. त्याच्या दगडातले कोरीव काम पाहताना आईने पदर डोक्यावर घेतला. ही जागा दुःखात आलेल्या कुटुंबांची आहे, तेव्हा येथे मोठ्याने बोलणे आणि छायाचित्रांसाठी उभे राहणे टाळावे, एवढी विनंती मी करतो.

गावातली जुनी घरे, त्यांच्या पुढच्या बसायच्या ओसऱ्या आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या पाहत हिंडायला तासभर सहज जातो. अनेक घरांना कुलूप होते. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी येथे बोंदेरा नावाचा उत्सव होतो. वाड्यांच्या हद्दींवरून होणाऱ्या भांडणांत निशाणे रोवण्याची आणि दुसऱ्याने ती पाडण्याची जी जुनी रीत होती, तिची ही आताची आनंदी आठवण आहे, आणि मुले बांबूच्या फोटाश नावाच्या खेळण्यातल्या बंदुकीने फळांच्या गोळ्या मारतात. उत्सव पाहायचा असेल तर जरूर जावे, मात्र त्या दिवशी फेरीवर प्रचंड गर्दी असते, तेव्हा वयस्कर माणसांना घेऊन जाऊ नये. शांत दिवाडी पाहायची असेल तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो. समुद्रातल्या पर्यटनाच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, पण नदीतल्या या फेऱ्या रोजच्या वाहतुकीच्या असल्याने पावसातही चालतात, हेही ध्यानात ठेवावे.

पिएदादहून बेटाच्या उत्तर टोकाच्या धक्क्यापर्यंतचा रस्ता आईला चालवणारा नव्हता. एका दुकानात चहा घेताना आम्ही वाहनाची चौकशी केली, तेव्हा पशुखाद्याची पोती घेऊन त्याच बाजूला निघालेल्या एका टेम्पोचालकाने आईला शेजारी बसवले आणि मला मागे पोत्यांवर. पैसे विचारले तर त्याने देवाचे नाव घेतले आणि हात जोडले. अशी मदत प्रत्येक वेळी मिळेल असे धरून चालता येणार नाही. चालायची ताकद नसेल त्यांनी पिएदादमध्येच वाहन ठरवावे, आणि या मधल्या टप्प्याला मी सार्वजनिक वाहतुकीच्या दृष्टीने सर्वांत कमी गुण देईन. फेरी नियमित, जुन्या गोव्याची बस भरपूर, पण बेटाच्या पोटात पाहुणा पायांवर किंवा लोकांच्या चांगुलपणावर असतो.

उत्तरेकडचा धक्का दक्षिणेच्या मानाने शांत आहे. तेथे आम्ही पंचवीस मिनिटे एका झाडाखाली बसून होतो. पाणी आता चढू लागले होते, त्यामुळे उताराची भीती राहिली नव्हती आणि आई माझा हात न धरता बोटीत चढली. ती बाकावर बसली नाही. नार्व्याकडे तोंड करून कठड्याला धरून उभी राहिली. "इथूनच नेला असेल ना रे देव?" तिने विचारले. नेमकी जागा सांगणे मला शक्य नव्हते, पण पाणी हेच होते, एवढे मी म्हणालो. तिने ओंजळीत घेण्यासाठी वाकून पाहिले, हात पोहोचला नाही, तेव्हा बोटीवरच्या कर्मचाऱ्याने आपल्या डब्याच्या झाकणात थोडे पाणी काढून तिला दिले. मी त्या सेवेची दुसरी कोणतीही प्रशंसा केली नाही तरी एवढी नोंद पुरेशी ठरावी.

नार्व्याच्या धक्क्यापासून देवळापर्यंत आईच्या चालीने आम्हाला पाऊण तास लागला. रस्ता झाडीतून जातो आणि शेवटी थोडा उतार आहे. श्री सप्तकोटीश्वराचे देऊळ भव्य नाही. उतरती कौलारू छपरे, अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, पुढे दीपस्तंभ आणि मागे जांभ्याचा डोंगर असे ते झाडांच्या कुशीत बसलेले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्या अलीकडच्या जीर्णोद्धारानंतर लोकार्पण झाले, आणि जुन्या देवळाला नवेपणाची झाक देण्याचा मोह बऱ्याच अंशी टाळला आहे असे मला वाटले. दाराच्या वरच्या बाजूला शके १५९० चा शिलालेख आहे आणि त्यात श्रीशिवराजाच्या आज्ञेने देवालयाचा प्रारंभ झाल्याचे कोरलेले आहे. मी तो आईला मोठ्याने वाचून दाखवला. गाभाऱ्यातले लिंग धारालिंग आहे, म्हणजे त्याचा पृष्ठभाग उभ्या पैलूंचा आहे. ज्या दगडावर राजांनी बिरुदे घेतली, ज्याला विहिरीच्या कामाला जुंपले आणि ज्याला होडीत घालून आणले, त्यापुढे आई बराच वेळ बसून राहिली. पुजाऱ्यांनी घाई केली नाही. तिचे माहेरचे आडनाव त्यांनी विचारले आणि त्या घराच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे घातले. आजोबांनी गाव सोडल्यापासून त्या घरातल्या कोणासाठीही ते घातले गेले नव्हते. आवारात पिण्याचे पाणी आणि बसायला सावली दोन्ही आहेत. गोकुळाष्टमीला येथे मोठी जत्रा भरते आणि नदीवर स्नानासाठी लोक येतात, त्या दिवशी प्रवासाचे गणित वेगळे करावे लागेल.

परतीसाठी आम्ही डिचोलीची बस धरली आणि डिचोलीहून पणजीची. नार्व्याहून मिळणाऱ्या बसगाड्या कमी आहेत आणि थांब्यावर वेळा लिहिलेल्या नव्हत्या. देवळाबाहेरच्या फुलवाल्या बाईंनी सांगितलेली वेळ मात्र पाच मिनिटांच्या फरकाने खरी ठरली. तेव्हा दर्शनाला जाण्यापूर्वीच परतीच्या बसची चौकशी करावी, आणि बस चुकली तर त्याच फेरीने दिवाडीतून परतण्याइतका दिवस हाताशी ठेवावा. धक्क्यावर शेवटची फेरी किती वाजता आहे हेही जातानाच विचारून घ्यावे. दोघांचा मिळून दिवसभराचा प्रवासखर्च लॉजमध्ये सांगितलेल्या गाडीभाड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही झाला नाही. गाडीने गेलो असतो तर दोन-अडीच तास वाचले असते हे खरे आहे, आणि ज्यांना अजिबात चालता येत नाही त्यांनी गाडीच करावी. बाकी कोणालाही मी बस आणि फेरीच सुचवीन. लहान मुलांना तर नक्कीच न्यावे, फक्त बोटीत त्यांचा हात सोडू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी करमळीहून आम्ही मांडवी एक्सप्रेसने निघालो. आईने आधीच डावीकडची खिडकी मागून घेतली होती. मांडवीचा पूल ओलांडून गाडी बेटावर आली, तेव्हा भाताच्या शेतांपलीकडे टेकडीवरचे पांढरे चर्च दिसले. "मानस कुठे रे?" तिने विचारले. ती तिथून दिसण्यासारखी नव्हती. ओहोटीची वेळ होती, म्हणजे दारे आता उघडलेली असतील, असे तीच म्हणाली, आणि दुसरे पाणी लागेपर्यंत खिडकीच्या गजांना धरून बाहेर पाहत राहिली.